गच्चीवरच्या सळया

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. लग्न असो, बारसं असो, तेराव्याचं जेवण असो — पानं उचलली, हात धुतले, की कुणीतरी म्हणतंच, "सेतुअण्णा, ती सांगा की." आणि मी सांगतो. त्यातली एक गोष्ट तर इतक्या वेळा सांगितली आहे, की माझ्या बायकोला ती माझ्या खोकल्यांसकट पाठ आहे. तुम्हालाही आज तीच सांगणार आहे. फक्त एक अडचण आहे — ती मी आजवर कुणालाही खरी सांगितलेली नाही. बायकोला नाही. मुलाला नाही. जिची ती गोष्ट आहे, तिला तर नाहीच.

तुम्ही कोण, मला माहीत नाही. बहुतेक म्हणूनच जमतंय.

आधी थोडं माझ्याबद्दल. (पाहा, लगेच वळसा घेतला. सवय आहे.) मी सेतुमाधवराव. आम्ही तंजावरकडचे मराठी, घर चेन्नईच्या कडेला तांबरमला. आमचं मराठी ऐकून महाराष्ट्रातले पाहुणे आधी गोंधळतात, मग "किती गोड" म्हणतात, आणि मग हळूच इंग्रजीत बोलायला लागतात. बायको वैजयंती सांगलीची. लग्नानंतर तिने माझं मराठी पुष्कळ धुऊन काढलं. हे जे वाचताय ते त्या धुलाईनंतरचं.

पोटासाठी मी अरब देशांचा अभ्यास करतो. चेन्नईतल्या एका लहानशा धोरण-संशोधन संस्थेत. कुठलं सरकार टिकेल, कुठलं डगमगेल, भाकरीवरचं अनुदान काढलं तर काय होईल, शिकलेल्या पोरांना नोकऱ्या कोण देणार — असल्या प्रश्नांवर टिपणं लिहायची आणि ती कुणीतरी वाचेल अशी आशा धरायची. चेन्नईत बसून हे कशाला, असं तुम्ही विचाराल. माझे सासरेही विचारायचे. त्यांना मी सांगायचो, आखातात आपली माणसं किती आहेत, कुणीतरी तिकडे लक्ष ठेवायला नको? त्यावर ते माझ्याकडे असं बघायचे, जणू लक्ष ठेवायला माणूस निवडताना देशाने जरा घाईच केली.

त्यांचं चुकलं नव्हतं. अरब भूमीवर माझा मुक्काम म्हणजे विमान बदलताना विमानतळावरच्या खुर्चीत बसलो तेवढा. तिथे एक फलाफल खाल्लं. मसालवड्यासारखं लागलं. अरबी मला येत नाही. पण गल्लीत मी 'अरब सार' आहे (सरला इकडे सार म्हणतात), आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आपल्या मेव्हण्याला कतारला पाठवायच्या आधी माझा सल्ला घेऊन गेला होता.

माझ्या नावावर एक सिद्धांतही होता. फार मोठा नव्हे, संसार चालण्यापुरता. तो असा: सरकार लोकांना स्वस्त भाकरी देतं, शिकलेल्यांना सरकारी नोकरी देतं, आणि बदल्यात लोक गप्प राहतात. हा व्यवहार चालू आहे तोवर राज्य स्थिर. याचा मी एक रंगीत तक्ता केला होता. आमचे संचालक आल्यागेल्याला तो तक्ता दाखवायचे, नव्या सुनेची रांगोळी दाखवावी तसा. मला ते आवडायचं. का नाही आवडणार? बाकी कुठे कुणी माझं काही दाखवत होतं?

आता केतकी.

केतकी ही वैजयंतीच्या थोरल्या बहिणीची मुलगी. पुण्यात अरबी शिकली, आणि मग इथल्या एका विद्यापीठात संशोधनाची जागा मिळून आमच्या गावात आली. हॉस्टेल तांबरमलाच, त्यामुळे रविवारचं जेवण आमच्याकडे ठरलेलं. वैजयंतीला ती मावशी म्हणायची, मला काका. उत्तर आफ्रिकेतल्या एका अरब देशात — नाव सांगत नाही, सांगितलं तर तुम्हाला बातम्या आठवतील आणि माणसं राहून जातील — समुद्रापासून दूरच्या एका गावात ती एका कुटुंबात राहून आली होती. परत आली ती रापलेली, बारीक झालेली आणि न थांबता बोलणारी. बोलता बोलता हातावरचा सांबारभात वाळून जायचा.

एका रविवारी तिने सळयांचं सांगितलं.

आमच्या गच्चीवर सळया होत्या. तुमच्याकडेही असतील, इकडे घराघरावर असतात. खालचा मजला बांधून झाला, की खांबांच्या सळया वर तशाच उभ्या ठेवायच्या — पुढेमागे मुलासाठी वरचा मजला चढवायचा म्हणून. गच्चीला तमिळमध्ये मोट्टै माडी म्हणतात, बोडका मजला. आणि त्या बोडक्यावर या सळया, अंगावर काटा आल्यासारख्या. पावसाचं पाणी लागून गंजू नयेत म्हणून वैजयंतीने त्यांच्या टोकांवर प्लास्टिकच्या बाटल्या उपड्या घातल्या होत्या.

"काका, तिथेही अगदी अशाच," केतकी म्हणाली. "बाटल्यासुद्धा."

तिथे म्हणे मुलाला सरकारी नोकरी लागली, की वर खोल्या चढवायच्या आणि सून आणायची. नोकरी लागत नाही. पण नाही असंही कुणी म्हणत नाही. पुढच्या भरतीत बघू, म्हणतात. मुलगा रोज सकाळी दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून कॉफीच्या दुकानात जाऊन बसतो. आई बाटल्या बदलते. वर्षानुवर्षं. आणि मग, ती तिथून निघायच्या सुमाराला, एकेका घराने सळया कापायला सुरुवात केली. ती ज्या घरात राहत होती त्या बाईने पण कापल्या. भंगारवाल्याला दिल्या, म्हणाली, आता वर पत्रा टाकते आणि कोंबड्या पाळते.

"तुम्ही लोक ज्याला स्थिरता म्हणता ना काका, ती स्थिरता नाही. ते नुसतं वाट पाहणं आहे. आणि ते संपत आलंय. ज्या घराने सळया कापल्या, त्या घराला आता सरकारची भीड उरलेली नाही."

'तुम्ही लोक' — हसत हसतच म्हणाली ती. मीही हसलो. "छान निरीक्षण आहे, लिहून काढ," असं वडीलधाऱ्या आवाजात म्हणालो आणि ताक मागितलं. पण माझा रंगीत तक्ता डोळ्यांपुढे आला. कुणीतरी त्याच्या चारही टाचण्या काढून घेतल्यासारखा तो लोंबत होता.

इथे आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. तुम्ही शोधनिबंध लिहिलात — आम्ही पेपर म्हणतो — की नियतकालिकाचे संपादक त्यावरचं तुमचं नाव काढून तो दोन परीक्षकांकडे पाठवतात. लेखक कोण हे परीक्षकांना कळत नाही, परीक्षक कोण हे लेखकाला कळत नाही. दोघांच्याही डोळ्यांवर पट्टी. म्हणजे न्याय. आणि एक साधा नियम असतो: पट्टीतून दिसलंच, लेखक ओळखू आलाच, तर पेपर परत पाठवायचा. 'मी यांना ओळखतो.' एवढं लिहिलं की झालं. कारणही कुणी विचारत नाही.

एका सकाळी ऑफिसात संगणक उघडला, तर परीक्षणासाठी एक पेपर आलेला. पहिल्याच पानावर गच्च्या होत्या. बाटल्या होत्या. दाढी करून बसलेला मुलगा होता.

मला नावाची गरज होती का?

ती एक ओळ मी लिहिली नाही. का लिहिली नाही — याची उत्तरं माझ्याकडे भरपूर आहेत, आणि गोष्ट सांगणाऱ्या माणसाच्या उत्तरांवर तुम्ही विश्वास ठेवू नये. मी स्वतःला सांगितलं, मी तटस्थ राहू शकतो. मग सांगितलं, दुसरा कुणी खत्रूड माणूस वाचण्यापेक्षा मी वाचलेलं बरं, पोरीचं भलंच होईल. हे मी खरंच स्वतःशी म्हणालो. वर चहा मागवला.

आणि पेपर वाचला.

मग मी परीक्षण लिहिलं. 'एका गावातल्या गच्च्यांवरून देशाचं धोरण ठरत नाही.' असं लिहिलं. 'पुरावा गप्पांच्या स्वरूपाचा आहे.' असं लिहिलं. 'या विषयावरचं प्रस्थापित लेखन लेखकाने वाचलेलं दिसत नाही' — आणि ते प्रस्थापित लेखन म्हणून दोन पेपर सुचवले. एक माझा; आणि ओळखू येऊ नये म्हणून एक दुसऱ्या कुणाचा. शेवटी लिहिलं, 'भाषा येणं म्हणजे प्रदेश कळणं नव्हे.' हे कुणी लिहिलं? ज्याला भाषाही येत नव्हती आणि ज्याने प्रदेशात एक फलाफल खाल्लं होतं, त्याने. शिफारस: छापू नये.

तिची जागा पुढे चालू राहायची तर तो पेपर स्वीकारला जायला हवा होता. तशी अट होती. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तिने आमच्याच टेबलावर, दुसऱ्यांदा भात घेताना, सांगितलं होतं.

इथवर आलो की मला वाटतं, चला, सांगून झालं. कित्येकदा मनातल्या मनात मी इथेच थांबलो आहे. एवढंच असतं तर बरं होतं. हे अजून अंगण आहे. घर पुढे आहे.

निकाल आला त्या रविवारी केतकी जेवायला आली तीच डोळे सुजवून. परीक्षकांचे अभिप्राय तिने मोबाइलवर आणले होते. पहिल्याने पेपर उचलून धरला होता, दुसऱ्याने आपटला होता, आणि संपादकांनी दुसऱ्याचं ऐकलं होतं. तिने ते इंग्रजी अभिप्राय आम्हाला मराठी करून वाचून दाखवले. माझी वाक्यं मराठीत जास्तच वाईट वाटत होती. वैजयंती पोळ्या लाटता लाटता थांबली.

"कोण हा मेला?"

"नाव नसतं गं मावशी. दुसरा परीक्षक, एवढंच." मग माझ्याकडे वळून, "आणि बघा ना काका, तुमचाच पेपर वाच म्हणून सांगतोय मला. आता तुम्हीच सांगा, मी वाचलाय की नाही."

"पाठ आहे तिला," मी म्हणालो.

तेव्हा सांगता आलं असतं. तव्यावर पोळी होती, घरात आम्ही तिघंच होतो. त्याऐवजी मी काय केलं असेल? मी गोष्ट सांगितली. पोरीचा चेहरा बघवेना, म्हणून तोंड उघडलं आणि तोंडातून गोष्टच आली. म्हणालो, हा दुसरा परीक्षक कसा असणार सांगू? दिल्लीचा असणार. डोक्यावर तीन केस, तिन्हींना तेल. पित्ताचा त्रास. बायको घरात बोलू देत नाही, म्हणून पेपरांवर ओरडतो. अरबस्तान म्हणजे खजुराचं दुकान, एवढीच माहिती. उठून त्याची नक्कल केली, त्याचा ढेकर काढून दाखवला. केतकी आधी नाकातून हसली, मग खरंच हसली. हसता हसता रडली, आणि जेवली. वैजयंतीने माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं, की तसं ती लग्नानंतर फार थोड्या वेळा पाहत आली आहे.

असा तो दुसरा परीक्षक आमच्या घरात आला आणि राहिला. कुणी भाजीत मीठ कमी म्हटलं, की वैजयंती म्हणते, "आले दुसरे परीक्षक." मुलाचे मार्क कमी आले, दुसरा परीक्षक. नात्यातली एक आत्या कुठल्याही मुलीच्या स्थळात खोड काढते, तिचं तर तेच नाव पडलंय. लोक फर्माईश करतात. मी उठतो, तीन केसांना तेल लावतो, ढेकर काढतो. मुलं लोळतात.

तुम्हाला कळतंय का? माझाच मुखवटा मी करतो, आणि तो इतका चांगला वठतो की त्याच्यामागे कुणी बघतच नाही.

पण घर — घर अजून पुढे आहे.

जेवण झाल्यावर केतकी म्हणाली, "काका, संपादकांना फेरविचारासाठी पत्र लिहायचंय. मदत कराल? या धंद्यात माझं दुसरं कुणी नाही." मी हो म्हणालो. नाही कसं म्हणणार? तिने मसुदा केला होता, आणि तो जबरदस्त होता. मी उचललेल्या एकेका मुद्द्याला तिने चोख उत्तर दिलं होतं. एक परिच्छेद तर असा होता: परीक्षक महाशयांनी गच्च्यांना गप्पा म्हटलं आहे; ज्या माणसांना कुणी विचारत नाही, त्यांचं उत्तर मग कुठे वाचायचं, हे त्यांनी सांगावं. तो परिच्छेद वाचताना माझे कान गरम झाले.

तो मी काढायला लावला. "रागाने लिहिलेलं संपादकांना आवडत नाही," म्हणालो. "नम्र राहा. पुढे त्यांच्याशीच काम पडणार." एकेक करत मी त्या पत्राचे दात उपटले. दुखू नये म्हणून मध्ये मध्ये विनोद केले. शेवटी जे पत्र उरलं ते इतकं सभ्य होतं, की त्यात म्हणणं काहीच नव्हतं. तिने वाकून नमस्कार केला आणि ते पाठवलं.

संपादकांनी ते पत्र, रीतीप्रमाणे, दुसऱ्या परीक्षकाकडे मत विचारायला पाठवलं.

म्हणजे माझ्याकडे.

पुन्हा एकदा ती ओळ माझ्यापुढे होती — 'मी यांना ओळखतो.' उशिरा का होईना, लिहिता आली असती. संपादकांनी पेपर तिसऱ्या माणसाला दिला असता. माझं काय गेलं असतं? थोडी अब्रू. तक्ता. मी दुसरी एक ओळ लिहिली. 'उत्तरात नवीन काही नाही. माझं मत कायम.' खरंच नवीन काही नव्हतं त्यात. होतं ते मीच काढायला लावलं होतं.

हे आहे ते घर. पहिल्या वेळी हेवा होता, समजा. हेवा माणसाला अचानक येतो, जसा ठसका येतो. दुसऱ्या वेळी हेवाही नव्हता. तिच्या डोक्यावर हात ठेवून, 'होईल सगळं नीट' असं म्हणून, ऑफिसात जाऊन मी ते केलं. याला काय म्हणतात, तुम्हीच ठरवा. मला मराठीत शब्द सापडत नाही. तमिळमध्ये आहेत, पण ते घरात बोलत नाहीत.

केतकीची जागा गेली. काही काळ तिने इकडेतिकडे अर्ज केले, मग ओरगडमच्या एका गाड्यांच्या कारखान्यात मनुष्यबळ विभागात नोकरी धरली. नव्या पोरांच्या मुलाखती घेते. तिथेच नागपूरकडचा एक इंजिनिअर भेटला, लग्न झालं, फ्लॅट झाला. तिचं काही वाईट झालं नाही — हे वाक्य मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवलंय की ते गुळगुळीत झालंय. तिचं वाईट झालं नाही. तिचं जे व्हायचं होतं ते झालं नाही. हे दोन्ही खरं असू शकतं, नाही का?

पुढे काय झालं ते तुम्हालाही माहीत आहे. थोड्याच काळात त्या भागातल्या एकामागून एक देशांत माणसं रस्त्यावर आली. आमचे संचालक माझ्या टेबलाशी आले, तक्त्याकडे बघत उभे राहिले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी तक्ता भिंतीवर नव्हता. आणि इथल्या एका टीव्ही वाहिनीला घाईघाईने अरब तज्ज्ञ हवा होता. शहरात दुसरा कोण होता? दिवे लावले, पावडर लावली, आणि निवेदिकेने विचारलं, "सार, हे असं अचानक कसं झालं?"

अचानक नाही, मी म्हणालो. आणि मी सळयांबद्दल बोललो. गच्च्या, बाटल्या, दाढी करून बसलेला मुलगा. 'आमच्या पाहणीत असं दिसतं,' असं म्हणालो. आमच्या.

घरी पोचायच्या आत केतकीचा फोन. मला वाटलं, आता कळलं. ती म्हणाली, "काका, माझ्या सळया टीव्हीवर नेल्यात तुम्ही. निदान कुणीतरी बोललं. त्या दुसऱ्या परीक्षकाने पाहिलं असेल का हो?"

"पाहिलं असेल," मी म्हणालो.

हे तिचं खरं ठरलं म्हणून मी सांगत नाही आहे, हे मात्र लक्षात घ्या. त्या रस्त्यांवरच्या माणसांना तरी पुढे काय मिळालं? किती ठिकाणी तर होतं तेही गेलं. ती चुकलीही असती. चुकली असती तरी मी तेच केलेलं असतं, आणि मग आज मला कुणी 'बरोबरच केलंस' म्हणालं असतं. त्याची मला जास्त भीती वाटते.

सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा सगळे मिळून इथून जवळच्या कोवलमला गेलो होतो. ठरवलंच होतं, समुद्राकडे बघत सांगायचं. समोर समुद्र असला की माणसाला तोंडाकडे बघावं लागत नाही. केतकी कोळ्यांच्या होड्यांपाशी तळलेला मासा खात उभी होती. मी जवळ गेलो. ती म्हणाली, "काका, लांब उभे राहा हो, वासाने तुमचा धर्म बुडेल." आणि मी लांब उभा राहिलो. असा मी माणूस आहे. मला कुणी लांब राहायला सांगितलं की बरं वाटतं.

मग वर्षं गेली. वैताग येतो तो याचाच — की प्रत्येक वर्षाने ती गोष्ट आणखी विनोदी होत गेली. पाप एकटं असतं तर कधीतरी ओकून टाकता आलं असतं. हे तर सगळ्या घराचं लाडकं झालं. आता ते सांगायचं म्हणजे बायकोच्या तोंडची म्हण काढून घ्यायची, पोरांचं हसू काढून घ्यायचं, माझ्यावरची ती एक मायेची नजर परत करायची. आणि मी? मी अजून टिपणं लिहितो. अमुक देश स्थिर, तमुक देश अंशतः स्थिर. लिहितो, वरच्यांना पाठवतो, कुणी वाचत नाही. परीक्षणाला पेपर आला, की शेवटच्या पानापर्यंत जातो आणि काहीही असलं तरी 'छापावा' म्हणतो. याने काय साधतं? काही नाही. दुसऱ्या कुणाचा तरी वाईट पेपर छापला जातो.

मागच्या महिन्यात वैजयंतीने आमच्या सळया कापायला माणूस बोलावला. मुलगा बंगळूरला स्थायिक झालाय, तिकडेच घर घेतलंय. मराठीत 'येतो' म्हणतो आणि तमिळमध्ये 'बघू' म्हणतो. वरचा मजला आता कुणासाठी? रविवार होता. केतकी आणि तिचा नवरा जेवायला आले होते. वर यंत्राची करकर चालू होती, आवाज खाली येत होता, जेवताना कुणाला धड बोलता येत नव्हतं. जावई लोणचं चाखून म्हणाला, जरा जास्तच आंबट झालंय, आणि वैजयंती व केतकी एका सुरात म्हणाल्या, "आले दुसरे परीक्षक."

सगळे हसले. मीही हसलो. मला सराव आहे.

जेवणानंतर केतकी गच्चीवर आली. कापलेल्या सळया एका बाजूला रचून ठेवल्या होत्या, बाटल्या कोपऱ्यात लोळत होत्या. तिने एक बाटली उचलून बघितली. तिच्याही केसांत आता पांढरं दिसतं.

"म्हणजे काका, तुमचंही वाट पाहणं संपलं."

"संपलं म्हणायचं," मी म्हणालो.

यंत्र पुन्हा सुरू झालं. ते थांबेपर्यंत ती थांबली. मग, बाटली हातात फिरवत, सहज, जसं कुणाच्या तब्येतीचं विचारावं तसं, ती म्हणाली, "मला आता त्याचा राग नाही हो. त्या परीक्षकाचा. भेटला ना, तर एकच विचारीन. तू तो पूर्ण वाचला होतास का? का नुसता चाळून फेकलास? इतक्या वर्षांत तेवढंच राहिलंय डोक्यात. चाळला असेल तर ठीक आहे, त्याला कळलंच नाही असं म्हणेन. पण वाचून जर —" तिने बाटलीवरचा गंजाचा डाग अंगठ्याने पुसला. मग म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं? तुम्ही असले लोक बघितलेत."

तिने माझ्याकडे बघितलं. अगदी सरळ. यंत्रही बंद होतं.

"नसेल वाचला," मी म्हणालो. "हे लोक कुठे वाचतात."

तिने मान हलवली. हायसं वाटलं तिला की वाईट वाटलं, मला सांगता येणार नाही. मी तोवर सळया कापणाऱ्या माणसाला शेवटची सळई दाखवायला वळलो होतो. ती बाटली कोपऱ्यात टाकून खाली गेली.

वाचला होता. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. चहा गार झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचला होता. त्या विषयावर मी तोवर जे काही वाचलं होतं आणि जे काही लिहिलं होतं, त्या सगळ्याहून तो चांगला होता, आणि लेखणी उचलताना हे मला ठाऊक होतं.